लाल शनिवारांचे राज्य

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी 28 नोव्हेंबर 2025 ला, अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला शेजारच्या आयोवाने 40-16 असे हरवले. नियमित हंगाम संपला, 7 विजय आणि 5 पराभव. त्या संध्याकाळपासून राज्यभर एकच विषय चालू होता. कोच मॅट रूल यांचे तीन हंगाम झाले, संघ पुढे सरकला की तिथेच आहे? रविवारी चर्चमधून बाहेर पडताना, न्याहारीच्या हॉटेलात कॉफीच्या दुसऱ्या कपावर, मक्याचा ट्रक रिकामा होईपर्यंत कोठारापाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्यांत, सगळीकडे हाच हिशेब मांडला जात होता. आणि ज्यांचा कोच शाबूत होता, त्यांची ही स्थिती. ज्यांचा गेला, त्यांच्याकडे त्या वर्षी झोपच उडाली होती.

लंबगोल चेंडू हातात धरून पळण्याचा, फेकण्याचा आणि समोरच्याला अंगावर जाऊन पाडण्याचा हा अमेरिकेचा स्वतःचा फुटबॉल. तिथे व्यावसायिक संघ रविवारी खेळतात, विद्यापीठांचे शनिवारी, आणि देशाच्या मोठ्या भागात जीव अडकलेला असतो तो शनिवारातच. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांनाही हे आता नवे नाही. मुलगी पर्ड्यूमध्ये किंवा मुलगा मिशिगनमध्ये शिकायला गेला, की दिवाळीच्या फोनवर आईवडीलही कोचची नावे घेऊ लागतात. 2025 ची नावे तर मोजता येणार नाहीत एवढी. पेन स्टेटने 12 ऑक्टोबरला जेम्स फ्रँकलिन यांना काढले. हा संघ त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी खेळला होता आणि हंगामाच्या सुरुवातीला देशात दुसऱ्या क्रमांकावर होता. सलग तीन पराभव झाले आणि संपले. आठवडाभरात फ्लोरिडाने बिली नेपियर यांना, त्यानंतरच्या रविवारी लुइझियाना स्टेटने ब्रायन केली यांना घरी पाठवले. ओक्लाहोमा स्टेटने तर वीस वर्षांहून अधिक काळ संघ सांभाळणाऱ्या माइक गंडी यांना सप्टेंबर सरायच्या आतच निरोप दिला.

आणि 30 नोव्हेंबरला, रविवारी, लेन किफिन मिसिसिपी विद्यापीठ सोडून लुइझियाना स्टेटला गेले. त्यांचा संघ 11-1 अशा कामगिरीने राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेत जवळजवळ पोहोचला होता, म्हणजे त्या विद्यापीठाच्या अनेक पिढ्यांनी ज्याची वाट पाहिली तो महिना उंबरठ्यावर असताना कोच निघून गेला. ऑक्सफर्ड या छोट्या गावच्या विमानतळाच्या कुंपणाशी चाहते जमले आणि त्यांनी ओरडून आपला संताप त्याला ऐकवला. त्या लोकांकडे बोट दाखवून हसणे सोपे आहे. मला त्यांचे दुःख खरे वाटते. त्यांच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी याच संघासाठी हिवाळे काढले आहेत, आणि जो माणूस गेला त्याच्यासाठी ही नोकरीची एक जागा होती.

कोच काढण्याची आणि शोधण्याची रीत एकदा समजून घेतली पाहिजे, कारण चाहत्यांच्या अस्वस्थतेचे मूळ तिथे आहे. कोचचा करार सात-आठ-दहा वर्षांचा असतो आणि त्यातली बहुतेक रक्कम हमीची असते. मुदतीआधी काढले तर उरलेले पैसे द्यावे लागतात. याला बायआउट म्हणतात. 2023 मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना काढले तेव्हा ही रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली. केली यांच्या बाबतीत ती 5 कोटी 40 लाखांच्या आसपास होती. फ्रँकलिन यांची जवळपास 4 कोटी 90 लाख होती. त्यांना नोव्हेंबरात व्हर्जिनिया टेकने घेतले म्हणून पेन स्टेटचा भार पुष्कळ हलका झाला. फिशर यांना 2017 मध्ये दहा वर्षांचा साडेसात कोटींचा करार देणारे क्रीडा-संचालक होते स्कॉट वुडवर्ड. केली यांना 2021 मध्ये दहा वर्षांचा साडेनऊ कोटींचा करार देणारेही वुडवर्डच. 2025 च्या ऑक्टोबरच्या अखेरीस लुइझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी पत्रकारांसमोर जाहीर केले की पुढचा कोच वुडवर्ड निवडणार नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी वुडवर्डही गेले.

घाई वाढायला दिनदर्शिकाही कारणीभूत आहे. शाळकरी खेळाडूंनी विद्यापीठाशी करार करण्याची पहिली मुदत आता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. 2021 पासून खेळाडूला वर्ष वाया न घालवता संघ बदलता येतो आणि आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवता येतात. 2025 च्या जुलैपासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला कमाल मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलरची. खेळाडूंना हा पैसा मिळू लागला हे योग्यच झाले, फार आधी व्हायला हवे होते. परंतु त्यामुळे कोचची जागा एक महिनाही रिकामी ठेवणे परवडेनासे झाले. मग निर्णय ऑक्टोबरमध्येच होतात. एजंट फोन करतात, भरती करून देणाऱ्या कंपन्या नेमल्या जातात, देणगीदारांची खासगी विमाने उडतात, आणि चाहते त्या विमानांचे क्रमांक शोधून ती कोणत्या गावाहून कोणत्या गावाला निघाली याचा माग काढत रात्र जागवतात. आपल्या आयुष्याशी एवढ्या जवळून निगडित असलेल्या गोष्टीचा निर्णय बंद दाराआड चालला असेल, तर माणूस आकाशातल्या विमानाकडेच बघणार.

या साऱ्यात नेब्रास्काची कहाणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आज इतर विद्यापीठे जे करत आहेत ते नेब्रास्काने 2003 मध्येच करून पाहिले.

महाराष्ट्राच्या सुमारे दोन-तृतीयांश क्षेत्रफळाचे हे राज्य, आणि लोकसंख्या जेमतेम वीस लाख. मका, गुरे, लांबच लांब सपाट रस्ते. राज्यात बड्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ नाही. जे आहे ते लिंकनचे विद्यापीठ, त्याचा लाल रंग आणि 1923 मध्ये युद्धात सेवा केलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले मेमोरियल स्टेडियम. सामन्याच्या दिवशी तिथे सुमारे पंचाऐंशी-नव्वद हजार माणसे असतात. ओमाहा आणि खुद्द लिंकन सोडले तर राज्यात तेवढ्या वस्तीचे तिसरे गाव नाही. नोव्हेंबर 1962 पासून या मैदानाची तिकिटे प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत. सलग चारशेचा टप्पा 2024 मध्ये ओलांडला. मधल्या वाईट वर्षांत तिकिटे उरू लागली तेव्हा देणगीदारांनी ती विकत घेऊन गरजू मुलांना दिली, आणि ज्या मुलांना एरवी आत पाऊल टाकता आले नसते ती लाल सदरे घालून बाकांवर बसली. या प्रेक्षकांची आणखी एक रीत आहे, ती पाहुण्या संघांचे खेळाडू वर्षानुवर्षे सांगतात. सामना संपून पाहुणे बोगद्याकडे निघाले, की त्या बाजूचे नेब्रास्काचे लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. स्वतः हरले असले तरी.

ही संस्कृती घडवली दोन माणसांनी. 1962 मध्ये आलेल्या बॉब डेव्हेनी यांनी 1970 आणि 1971 ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्या जागी 1973 मध्ये त्यांचेच सहायक टॉम ऑस्बोर्न आले. उंच, मितभाषी, मूळचे नेब्रास्काचेच, शिक्षण-मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले. त्यांची पहिली पाच वर्षे ओक्लाहोमाकडून हरण्यात गेली, एकही अपवाद नाही. दर नोव्हेंबरला तोच सल. 1978 मध्ये एकदाचा तो सामना जिंकला आणि त्याच हंगामाच्या अखेरीस ‘बोल’ नावाच्या निमंत्रणाच्या सामन्यात पुन्हा ओक्लाहोमाकडूनच हार झाली. लोकांची कुरकुर एवढी वाढली होती की ऑस्बोर्न कोलोरॅडो विद्यापीठाची नोकरी बघायला जाऊन आले. परतले आणि राहिले. पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले 1994 मध्ये. त्याआधी एकवीस हंगाम विजेतेपदाविना गेले होते. त्यासह चार वर्षांत तीन विजेतेपदे आणि शेवटच्या पाच हंगामांत 60 विजय, 3 पराभव. 1997 नंतर ते थांबले तेव्हा एकूण 255 विजय नावावर होते, आणि पंचवीसपैकी एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नव्हते.

या एकवीस वर्षांतला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. 2 जानेवारी 1984, मायामीचे ऑरेंज बोल मैदान. नेब्रास्का हंगामभर अजिंक्य, पहिल्या क्रमांकावर. समोर मायामी, त्यांच्याच घरच्या मैदानावर. शेवटच्या पंधरा मिनिटांच्या सुरुवातीला मायामी 31-17 अशी पुढे. नेब्रास्काने एक टचडाउन केला. मग अखेरचे एक मिनिटही उरले नसताना, चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात, जेफ स्मिथ चेंडू घेऊन 24 यार्ड धावला आणि स्कोअर 31-30 झाला. 48 सेकंद बाकी. त्या काळी जादा वेळ नव्हता. साधी किक मारून एक गुण घेतला असता तर सामना बरोबरीत सुटला असता आणि विजेतेपद जवळजवळ नक्की नेब्रास्काचेच होते. ऑस्बोर्ननी दोन गुणांसाठी जायचे, म्हणजे चेंडू पुन्हा रेषेपार नेऊन सामना जिंकायचाच प्रयत्न करायचे ठरवले. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, टर्नर गिलने उजवीकडे सरकत स्मिथकडे चेंडू फेकला. मायामीच्या केनी कॅल्हूनची बोटे त्याला लागली, दिशा बदलली आणि चेंडू जमिनीवर पडला. अजिंक्यपद गेले. ऑस्बोर्नना बरोबरीने मिळालेले विजेतेपद नको होते. नेब्रास्कातले लोक तो पराभव आजही अभिमानाने सांगतात. आजच्या बाजारात असा निर्णय घेणाऱ्या कोचला दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले असते, आणि पुढची दहा वर्षे त्याला कोणी दिली असती, याचा विचार करावा.

ऑस्बोर्ननी आपली जागा फ्रँक सोलिच यांच्याकडे सोपवली. सोलिच डेव्हेनींच्या संघात खेळलेले, ऑस्बोर्नच्या हाताखाली तयार झालेले. सहा वर्षांत 58 विजय, 19 पराभव; 2001 च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत मजल. 2002 वाईट गेले. 2003 मध्ये संघ सावरला आणि 28 नोव्हेंबरला कोलोरॅडोला हरवून 9-3 वर आला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी रात्री, क्रीडा-संचालक स्टीव्ह पीडरसन यांनी सोलिच यांना काढले. कारण असे दिले की संघ सामान्य दर्जाकडे घसरू द्यायचा नाही. नवा कोच नेमायला चाळीसहून अधिक दिवस लागले. हंगामी कोच बो पेलिनी यांनी अलामो बोल जिंकून दिला, स्टँडमधून त्यांच्या नावाचा घोष झाला, तरी त्यांना डावलून व्यावसायिक लीगमधून बिल कॅलहन आणले गेले. पहिल्याच वर्षी 5-6. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला 1961 नंतरचा पहिला हंगाम, आणि सलग पस्तीस वर्षांची बोल सामन्यांची परंपरा तुटली. 2007 च्या शरदात कॅन्ससकडून 76-39 असा पराभव झाला. त्याआधीच पीडरसनना जावे लागले होते, आणि अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये तीन वेळा निवडून गेलेले ऑस्बोर्न सत्तरीत क्रीडा-संचालक म्हणून सावरायला परत आले होते.

पेलिनी परतले, सात वर्षे दरवर्षी नऊ किंवा दहा सामने जिंकले, आणि तेही पुरेसे नाहीत म्हणून 2014 मध्ये गेले. माइक रायली आले नि तीन वर्षांत 19-19 करून गेले. मग स्कॉट फ्रॉस्ट: वूड रिव्हर गावचा मुलगा, 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. राज्याने त्याला घरचा लेक म्हणून कवेत घेतले. 2021 मध्ये संघ नऊ सामने हरला आणि नऊच्या नऊ एक आकडी फरकाने. दर शनिवारी शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत आशा जागती ठेवून हरणे काय असते, ते त्या हंगामात तिकीट काढून बसलेल्यांना विचारावे. 2022 च्या 11 सप्टेंबरला फ्रॉस्टना काढले तेव्हा बायआउट होता दीड कोटी डॉलर. आणखी तीन आठवडे थांबले असते तर तो निम्मा झाला असता. थांबणे शक्य झाले नाही.

सोलिच यांचे पुढे काय झाले? ते ओहायो विद्यापीठात गेले, सोळा वर्षे राहिले आणि ते विद्यापीठ ज्या गटात खेळते त्याच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारे कोच होऊन निवृत्त झाले. वीस वर्षे ते लिंकनपासून लांब राहिले. 2024 च्या वसंतात विद्यापीठाने त्यांना सन्मानाने बोलावले, वसंतातला सराव-सामना त्यांच्या नावे केला. त्यात मॅट रूल यांचा पुढाकार होता. आधीच्यांचा मान राखल्याखेरीज पुढचे काही उभे राहत नाही हे ओळखणारा कोच मला म्हणूनच मोलाचा वाटतो. रूल यांनी 2024 मध्ये आठ वर्षांनी संघाला बोल सामन्यात नेले आणि तो जिंकला. 2025 च्या ऑक्टोबरात पेन स्टेटची जागा रिकामी झाली तेव्हा सर्वांत आधी त्यांचेच नाव निघाले. ते तिथेच शिकले, खेळले, आणि तिथले क्रीडा-संचालक त्यांचे टेम्पल विद्यापीठातले जुने सहकारी. लिंकनमध्ये पंधरा-वीस दिवस घालमेल होती. 30 ऑक्टोबरला करार 2032 पर्यंत वाढवला गेला. दोनच दिवसांनी क्वार्टरबॅक डिलन रायोलाचा पाय मोडला आणि हंगामाचा सूरच गेला.

हंगाम संपताच तेच ऑक्टोबरातले चाहते विचारू लागले की एवढी घाई का केली. त्यांच्या प्रश्नाला आधार नाही असे नाही. इंडियानाकडे पाहा. इतिहासात सर्वाधिक पराभव ज्यांच्या नावावर त्यांत मोडणारा हा संघ, कर्ट सिग्नेटी आल्यापासून दुसऱ्याच वर्षी नियमित हंगामात 12-0. इंडियानाला जमते तर आपल्याला का नाही, हा प्रश्न आज देशातल्या प्रत्येक विद्यापीठात विचारला जातो. तरी मला वाटते, इंडियानाचा धडा चुकीचा घेतला जातो आहे. सिग्नेटी साठी ओलांडल्यावर तिथे आले. त्याआधी छोट्या छोट्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे काम करून त्यांनी आपली पद्धत पक्की केली होती. इंडियानाचा जो झटपट चमत्कार वाटतो त्यामागे दुसऱ्या कुठल्या तरी गावांनी दिलेला वेळ आहे. आणि नेब्रास्काला तर हे सांगायला इंडियानाही लागू नये. लिंकनमध्येच, त्याच विद्यापीठात, जॉन कूक यांनी पंचवीस वर्षे महिलांचा व्हॉलीबॉल संघ घडवला. 30 ऑगस्ट 2023 ला त्या मुलींचा सामना फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध कोर्ट टाकून खेळवला तेव्हा 92,003 माणसे आली. महिलांच्या खेळासाठी एवढी गर्दी त्याआधी नोंदलेली नव्हती. त्या रात्री मैदानात लाल कपड्यांत बसलेल्या लोकांना एका माणसाला एवढी वर्षे देणे म्हणजे काय हे समोर दिसत होते.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. रूल यांना 2032 पर्यंतचा शब्द दिला आहे, तो पाळावा. चाहत्यांनी टीका जरूर करावी. टीका हा त्यांचा हक्क आहे. पण कोचला हाकलण्याची आरोळी जेव्हा स्टँडमधून उठते, तेव्हा तिचा उपयोग करून घेणारे दुसरेच असतात: पुढच्या कराराची टक्केवारी घेणारे एजंट, आपली निवड लपवू पाहणारे संचालक, आणि एका चेकच्या जोरावर विद्यापीठ चालवू पाहणारे धनिक. चाहत्याच्या हातात त्या शोधातले काहीच नसते. त्याचा आवाज तेवढा वापरला जातो.

एका बाबतीत मात्र नेब्रास्काच्या माणसाच्या हातात खरोखर काही आहे, आणि हे त्याला आठवावे अशी माझी कळकळीची इच्छा आहे. याच विद्यापीठात 2025 मध्ये 2 कोटी 75 लाख डॉलरची तूट होती. ती भरण्यासाठी चार विभाग बंद करण्याचा प्रस्ताव होता, त्यात संख्याशास्त्र होते, पृथ्वी आणि वातावरण विज्ञान होते. वादळे, गारा आणि दुष्काळ यांवर ज्याचे पोट आहे अशा शेतकी राज्याच्या विद्यापीठात हवामान शिकवणारा विभाग बंद व्हायचा होता. फुटबॉलचा हिशेब वेगळा असतो, तो खेळ आपला खर्च स्वतः कमावतो आणि या तुटीला जबाबदार नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण सोलिच यांना काढताना सामान्य दर्जाकडे घसरू द्यायचे नाही असे जे विद्यापीठ म्हणाले, त्याच विद्यापीठाचा हा दर्जाचा प्रश्न आहे. प्राध्यापकांच्या सभेने नोव्हेंबर 2025 मध्ये कुलपतींवर अविश्वास नोंदवला. राज्यातल्या न्याहारीच्या टेबलांवर त्याची चर्चा आयोवाच्या सामन्याच्या दशांशानेही झाली नसावी.

शुक्रवारी, 5 डिसेंबर 2025 ला, विद्यापीठाचे नियामक मंडळ या विभागांवर मतदान करणार होते. नेब्रास्कात या मंडळाचे आठ सदस्य थेट मतदारांनी निवडून दिलेले असतात, प्रत्येक जण आपापल्या मतदारसंघातून. कोच कोण असावा याबद्दल स्टेडियममधल्या नव्वद हजार माणसांना कोणी विचारत नाही. हे आठ जण मात्र त्यांच्याच मतांवर बसले आहेत. त्यांचे फोन क्रमांक राज्याला ठाऊक आहेत, त्यांची गावे ठाऊक आहेत. अशा मतदानाआधी ते फोन वाजले पाहिजेत, आणि सभागृहातल्या खुर्च्यांवर लाल सदरे दिसले पाहिजेत.